निमित्ताला एक मासा

माणसाने आयुष्यात एकदा तरी मासे पकडावेत, असे मला ज्याने सांगितले तो आमचा बापू मूळचा मालवणकडचा. आमच्या शाखेत तो हेड कॅशिअर आहे. दिवसभर दुसऱ्याच्या नोटा मोजून माणूस एक तर तत्त्वज्ञ होतो, नाही तर मासे पकडायला लागतो. बापूने दुसरी वाट धरली. पहिली त्याने बहुधा माझ्यासाठी मोकळी ठेवली असावी.

मी माळकऱ्याच्या घरातला. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माझ्या गळ्यात पडलेली माळ एकच, ती लग्नातली. दोन्हींमुळे माणूस शाकाहारी राहतो. त्यामुळे दिवाळीनंतर आठवडाभर रजा काढून भंडारदऱ्याला मासे धरायला जाऊ, असे बापू म्हणाला तेव्हा मी आधी दाराकडे पाहिले. सौ. स्वयंपाकघरात होत्या.

"अरे, पण हिंसा?" मी हळू आवाजात म्हणालो.

"हिंसा कसली? मारायचा कुठे आहे? पकडायचा आणि सोडायचा. फोटो काढायचा, पाठीवरनं हात फिरवायचा आणि परत पाण्यात. जगातली सभ्य माणसं असंच करतात."

बी.कॉम. झालेल्या माणसाला नैतिक प्रश्न पडत नाहीत, असा एक समज आहे. तो खोटा आहे. पडतात, पण तो ते ताळेबंदात बसवून बघतो. मीही बसवून बघितला. नावे एक मासा, जमा एक मासा. शिल्लक शून्य. दोन्ही बाजू जुळल्या की आमच्या धंद्यात पापपुण्याचा विचार करायची पद्धत नाही. मी रजेचा अर्ज टाकला.

खरी गंमत घोटी सोडल्यावर कळली. मी सहज म्हणालो, "माझं ठीक आहे रे, पण तू तर मासे खातोस. मग तू कशाला सोडतोस?"

"गोड्या पाण्यातला मासा?" बापूने मी त्याला फाटकी नोट दिल्यासारखा चेहरा केला. "त्याला चिखलाचा वास येतो. सुरमई, पापलेट, बांगडा यांना मासा म्हणतात. बाकीचे नुसते पाण्यात राहतात म्हणून."

म्हणजे परिस्थिती अशी होती : एकाला मासा चालत नव्हता, दुसऱ्याला हा मासा चालत नव्हता, आणि दोघे मिळून सहा दिवसांची पीएल खर्च करून त्याच्या मागे निघाले होते. या वाक्यात काहीतरी चुकते आहे, हे मला तेव्हाच जाणवायला हवे होते. पण कळसूबाई दिसायला लागली आणि विचार मागे पडला.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरा नदी रतनगडाच्या बाजूने येते आणि या भिंतीशी अडते. पाऊस संपल्यावर तलाव काठोकाठ भरलेला असतो, डोंगर त्यात उलटे उभे असतात, आणि आपण सुलटे उभे आहोत याची आपल्याला थोडी लाज वाटते. गावात एक खोली मिळाली. बापूने परवानगीचा कागद आधीच मिळवून ठेवला होता. बँकेतला माणूस कागदाशिवाय पापसुद्धा करत नाही.

बापूचे सामान बघून मी थक्क झालो. दोन छड्या, दोन रिळे, चार जाडीचा तंगूस, तरंगे, शिसाच्या गोळ्या आणि डबीभर गळ. गळ मी पहिल्यांदाच जवळून पाहिला. त्याच्या टोकाला मागे वळलेला एक बारीक काटा असतो. आत जाताना तो काही म्हणत नाही. बाहेर येताना मात्र अडतो. आमच्या कर्जाच्या फॉर्मवर अगदी खाली बारीक अक्षरात जे छापलेले असते, त्याची मला आठवण झाली.

आमिषाची कृती गुप्त होती. कणीक, शेंगदाण्याची पेंड, गूळ आणि चिमूटभर हिंग. बापूने ते इतक्या मायेने मळले, की त्याच्या घरी पोळ्यांची कणीक कोण मळते असे मला विचारावेसे वाटले. रोहू, कटला, मृगळ ही मंडळी मूळची गंगेकडची. त्यांची बोटाएवढी पिल्ले, सरकारी भाषेत बोटुकली, आपल्याकडच्या तलावांत आणून सोडतात. म्हणजे मासेही आमच्यासारखेच, बदलीवर आलेले. हिंगावर ती खूश असतात म्हणे.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी मला वीतभर चिलापी लागली. तिला हातात धरल्यावर काय करायचे ते मला कळेना. ती माझ्याकडे बघत होती. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे तो बघतो तेव्हा बघतच राहतो. मध्येच नजर चुकवण्याची सोय त्याच्याकडे नाही. ती मलाच करावी लागली. बापूने गळ काढला, चिलापी पाण्यात गेली आणि बापू म्हणाला, "बघ! काही झालं का तिला?" मी पाण्याकडे बघितले. तक्रार आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बापूला दीड किलोचा रोहू लागला. हा आकडा मी वजनकाट्यावर पाहिलेला आहे. बापू हल्ली तो तीन किलोचा सांगतो. त्या माशाला अजून व्याज लागते आहे.

पण खरे सांगायचे तर मला माशांत रस नव्हता. मला रस निर्माण झाला तो बसण्यात. सकाळी सहाला जाऊन बसावे. पाण्यावर धुके. तरंगा हलत नाही, आपण हलत नाही. दहा वाजता डबा उघडावा, भाकरी खावी, पुन्हा बसावे. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी इतका कधी बसलो नव्हतो. म्हणजे खुर्चीत बसलो होतो, कामाला बसलो होतो, पंक्तीला बसलो होतो. पण नुसता बसलो नव्हतो. आपल्याकडे 'नुसता बसलाय' हे वर्णन नसून आरोप आहे. रविवारी मी घरात घटकाभर नुसता बसलो तर सौ. विचारतात, "बरं नाही का?" बरे आहे म्हटले, की समोर मटारची परात येते. "नुसतेच बसलाय तर एवढे सोला." मुलगा अभ्यास सोडून खिडकीबाहेर बघत असेल तर मी स्वतः त्याच्यावर खेकसलेलो आहे. आणि इथे मी चार दिवस धडधडीत नुसता बसलो होतो, पण कोणी हरकत घेत नव्हते. उलट काठावरून जाणारे लोक आवाज खाली करत. "मासे धरत्यात," असे एकमेकांना सांगून आदराने पुढे जात.

पाचव्या दिवशी दुपारी माझा तरंगा एकदम बुडाला. मी डुलकीत होतो. छडी ओढायला उशीर झाला, आणि तेवढ्यात माशाने आमिष गिळले होते. मृगळ होता, हातभर लांब. गळ ओठात नव्हता, पार घशात गेला होता. बापूने चिमट्याने प्रयत्न केला. मी माशाला धरून होतो. त्याचे कल्ले माझ्या तळहाताला लागून उघडत होते, मिटत होते. पाच मिनिटे, सात मिनिटे. शेवटी बापूने दोरा कापला. "सोड. गळ गंजून पडून जातो."

मी सोडला. तो हातभर पुढे गेला, कुशीवर झाला आणि पांढरे पोट वर करून तरंगायला लागला. बापू गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याला दोन्ही हातांनी सरळ धरून पुढेमागे हलवू लागला, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहावे. मोजून मोजून राठ झालेले ते हात इतके हळुवार होऊ शकतात, हे मला माहीत नव्हते. उपयोग झाला नाही.

तेवढ्यात ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकणारा एक म्हातारा काठाला आला. रोज लांबून दिसायचा. त्याने मासा बघितला, आम्हाला बघितले.

"खायाचा नव्हता व्हय?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग धरला कशाला?"

या प्रश्नात राग नव्हता, टोमणा नव्हता. काउंटरवर नवीन आलेला खातेदार 'ही चिठ्ठी कशाला लागते' असे विचारतो ना, तितक्याच सरळपणे त्याने विचारले होते. बापू म्हणाला, "हौस म्हणून, बाबा. आम्ही सोडून देतो."

म्हाताऱ्याने त्यावर विचार केला. "आमी जास्ती येळ ठेवत नाय," तो म्हणाला. "जाळ्यात आला, की डोक्यात एक घालायची. त्याचा बी खोळंबा नाय, आपला बी नाय." मग पुन्हा माशाकडे बघून म्हणाला, "ह्यो घेऊ का?"

"घ्या," आम्ही दोघे एकदमच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या ओट्यावर पानात बांधलेली वरई ठेवलेली होती, वाटीभर असेल. म्हाताऱ्याने माशाची किंमत चुकती केली होती. आमच्या आठवड्यातला सरळ व्यवहार तेवढा एकच झाला.

त्या रात्री मला झोप लागली नव्हती. एका माशासाठी एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. हा म्हातारा आठवड्याला जेवढे मासे मारतो तेवढे आम्ही जन्मात मारणार नाही. पण त्याच्याबद्दल मला काहीच वाटत नव्हते, आणि माझ्याबद्दल वाटत होते. माळकऱ्याच्या मुलाला हे उलटे वाटायला हवे होते. पण म्हाताऱ्याच्या मारण्याला कारण होते. त्याला पोट होते, त्याच्या माणसांना पोट होते. माझ्या न मारण्याला मात्र कारण नव्हते. सोडून द्यायचा म्हणजे पाप नाही, एवढाच माझा जमाखर्च होता, आणि तो जुळत नव्हता. खाते बंद केले, रक्कम परत केली. पण खातेदाराच्या ओठाला भोक राहिले ते कोणत्या सदरात दाखवायचे?

सहाव्या दिवशी मी बापूला म्हणालो, "तू धर. मी आज नुसता बसतो." आणि छडी न घेता, त्याच्यापासून जरा लांब, त्याच दगडावर, त्याच पाण्यासमोर बसलो.

पहिल्या तासात पाच जणांनी माझी चौकशी केली. एकाने विचारले, "काय पडलं का पाण्यात?" दुसऱ्याने विचारले, "गाडी बंद पडली का?" तिसऱ्याला मी जमीन बघायला आलो आहे असे वाटले, आणि त्याने भाव सांगितला. मोळी घेऊन चाललेली एक बाई थांबली, माझ्याकडे आणि पाण्याकडे आळीपाळीने बघत राहिली, आणि मग कुठून तरी एका पोराला पाठवून तिने त्याला माझ्याजवळ बसवले. पोरगा म्हणाला, "काका, घरी भांडण झालं का?"

पाच दिवसांत मला हे कोणी विचारले नव्हते, कारण पाच दिवस माझ्या हातात छडी होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला मासा नको होता. मला बसायचे होते. पण हातीपायी धड माणूस कामाच्या दिवशी पाण्याकडे बघत बसतो, हे जगाला पटत नाही. आणि जगाचे सोडा, त्या माणसालाच पटत नाही. त्याला निमित्त लागते. म्हणून आम्ही छडी घेतली, तंगूस घेतला, हिंग घातलेली कणीक मळली, आणि ते निमित्त नेऊन एका मुक्या जिवाच्या ओठात अडकवले. मला जी निवांत बसायची चैन मिळत होती, तिचे पैसे मासा भरत होता. दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढण्याला आमच्याकडे एक नाव आहे. त्यावर नोकरी जाते.

परत आल्यावर मी वाचनालयात जाऊन थोडे वाचून काढले. अपराधी माणसाला वाचनाची गोडी लागते. इंग्लंडात आयझॅक वॉल्टन नावाच्या एका व्यापाऱ्याने १६५३ साली गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले, 'द कंप्लीट अँगलर'. चिंतनशील माणसाची ही करमणूक आहे, असे त्याने मुखपृष्ठापासूनच सांगून टाकले. चिंतन वॉल्टनचे आणि गळ माशाच्या घशात, ही वाटणी कवी बायरनला इतकी खटकली, की त्याने 'डॉन ह्वान' या काव्यात वॉल्टनच्याच घशात गळ अडकावा आणि तो एखाद्या माशाने ओढावा, अशी इच्छा व्यक्त केली. २००३ साली स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांना ट्राउट माशाच्या डोक्यात आणि ओठांभोवती इजा ओळखणाऱ्या नसा सापडल्या. ओठांत आम्ल टोचले तेव्हा काही मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले आणि बराच वेळ अन्नाकडे फिरकले नाहीत. त्याला आपल्यासारखे दुःख म्हणावे का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. माझ्यापुरते ते भांडण मृगळाच्या कल्ल्यांनी मिटवले.

आणि स्वित्झर्लंडमध्ये, बापूच्या सभ्य जगात, सोडून देण्याच्याच इराद्याने मासा पकडणे २००९ पासून कायद्याने मना आहे. खायचा असेल तर पकडा, लगेच मारा आणि न्या. म्हणजे आमच्या म्हाताऱ्याने ट्यूबवर बसून जे सांगितले, तेच. ज्या देशातल्या बँका पैसे कुठून आले हे विचारत नसत असे म्हणतात, तिथे मासा कुठे चालला हे विचारतात, याची मला मौज वाटली.

मग मला महाड तालुक्यातला वाळण कोंड आठवला. काळ नदीचा तो खोल डोह वरदायिनी देवीचा. त्यातले मासे कोणी धरत नाही. मागे एकदा गेलो होतो तेव्हा लोक काठाला बसून चुरमुरे टाकत होते आणि मोठमोठे खवले पाण्याखाली चमकून जात होते. बायका, पोरे, म्हातारे, सगळे नुसते बसले होते! आणि 'बरं नाही का' असे कोणी कोणाला विचारत नव्हते. निमित्त तिथेही होतेच, पण ते देवीचे होते. ज्याने हा डोह देवीच्या नावावर केला, त्याला माशांची दया होती की माणसांची, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्याने दोघांचीही सोय बघितली एवढे खरे.

बापूला मी हे सगळे सांगितले. तो ऐकून घेतो. कॅशिअरला ऐकायची सवय असते. मासेमारी त्याने सोडलेली नाही. फक्त हल्ली तो गळाचा मागचा काटा पकडीने दाबून सपाट करतो, आणि भंडारदऱ्याला गेला की मोठा मासा म्हाताऱ्याला देऊन येतो. "बदल्यात वरई मिळते," असे म्हणतो. उपवासाला ती माझ्याकडे पाठवतो.

आता शेवटची एक गोष्ट, म्हणजे मी हे लिहायला का बसलो ती.

आमच्या शाखेत एक पेन्शनर काका येतात. रोज साडेदहाला. बाहेर पासबुक छापायचे यंत्र आहे, पण काका आत येतात आणि माझ्याच काउंटरवर पासबुक ठेवतात. कालच भरून घेतलेले असते, नवीन नोंद काहीही नसते. "जरा बघता का?" मी बघतो, "काही नाही" म्हणतो, ते हवापाण्याचे बोलतात आणि जातात. इतकी वर्षे मी मनातल्या मनात चरफडत होतो. भंडारदऱ्याहून आल्यावर पहिल्याच सकाळी ते समोर उभे राहिले, आणि त्यांच्या हातातले पासबुक मला वेगळेच दिसले. ती छडी होती. रोज साडेदहाला ते मला पकडत होते आणि पावणेअकराला सोडून देत होते. काकू दोन वर्षांमागे गेल्या, हे मला माहीत होते. घरी त्यांना 'नुसते बसलाय' म्हणणारेसुद्धा कोणी उरलेले नव्हते.

मला वाटले, निमित्ताचे हे ओझे आपण उतरवू. मी म्हणालो, "काका, पासबुक कशाला रोज आणता? नुसते येत जा. बसा ना, पंख्याखाली बसा."

काका बसले. पासबुक खिशात घातले. त्यांना हात कुठे ठेवावेत कळेना. दोन मिनिटांनी आमच्या गार्डने जवळ जाऊन अदबीने विचारले, "आजोबा, काही काम होतं का?" काका दचकून उठले, "नाही, नाही," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी आले. पासबुक माझ्यापुढे ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा बघता का? एखादी नोंद राहिली असेल."

मी ते दोन्ही हातांनी घेतले. माझ्या ओठाला तर काही भोक पडणार नव्हते. पहिल्या पानापासून सावकाश उलटायला सुरुवात केली.

"बघतो हं, काका," मी म्हणालो. "पण आज जरा वेळ लागेल. बसा."